आपण म्हणजे कोण?

मुलांनो, एका जंगलात एक कुंपण होतं. कुंपणाच्या आत एक मोठी कंपनी होती आणि बाहेर उरलेलं जंगल होतं.

मागे बसलेल्या मोठ्यांनी लगेच माना डोलवू नयेत. ही गोष्ट तुमच्यासाठी नाही. तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं.

तर कंपनीचं नाव होतं 'गजकर्ण सावधान सेवा'. थोरल्या हत्तीसाहेबांनी ती काढली होती, म्हणून त्यांच्या कानांवरून हे नाव. गजकर्ण नावाचा कातडीचा एक रोगही असतो आणि तोही असाच गोल गोल पसरत जातो. पण हे हत्तीसाहेबांना सांगणार कोण? नाव फाटकावर रंगवून झालं होतं.

कंपनी काय करायची? बिबट्या आला की ओरडायची.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. आणि कंपनी यायच्या आधीही बिबट्या आला की कुणीतरी ओरडायचंच. झाडावरून वानर खेकसायचं, झुडपातून भेकर भुंकायचं, मोर केकाटायचा. ज्याला दिसला तो ओरडायचा, ज्याला ऐकू आलं तो पळायचा.

हत्तीसाहेबांना हे फार गबाळं वाटलं.

"कोण ओरडतंय, का ओरडतंय, कुणाला विचारून ओरडतंय, कशाचा पत्ता नाही!" ते म्हणाले.

मग त्यांनी जंगलातले सगळे चांगले आवाज नोकरीला घेतले. उरलेल्यांना सांगितलं, की ज्याला सावध व्हायचं असेल त्याने वर्गणी भरावी. आता तुम्ही कुणी ओरडू नका. आम्ही आहोत.

उरलेले गप्प झाले. गप्प बसायला सांगितलं की मोठ्यांना हायसंच वाटतं.

याच जंगलात टिपरी नावाची एक तरुण भेकरी राहायची. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. टिपरीचा आवाज असा, की ती भुंकली तर दोन टेकड्यांपलीकडचा ससा बिळात शिरायचा. घरी ती आणि तिचे वडील सोनबा, दोघंच. सोनबांचा मागचा डावा पाय एकदा बिबट्याने धरला होता. पाय सुटला, पण धावणं कायमचं गेलं. आता बिबट्या आला तर त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. वेळेवर कळलं, तर जवळच्या करवंदीच्या जाळीत शिरायचं. नाही कळलं, तर नाही.

आणि रोज दिवस कलला की पाणी प्यायला त्यांना ओढ्याच्या डोहावर जावंच लागायचं.

आता कुंपणाच्या आत काय काय होतं ते ऐका. आत स्वतःचा झरा होता. कुंपण बाभळीच्या काट्यांचं होतं, दोन हत्ती उंच. चाटायला मिठाचा खडक होता. अंगावरच्या गोचिडी काढायला पगारी बगळे होते. वर्षातून एकदा सहल असायची. सहलीत सगळे जण कुंपणाच्या आतल्या बाजूने एक फेरी मारायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नोकरी कायम झाली, की घरातल्या एका वयस्कराला आत राहायला आणता यायचं.

"मोठी कंपनी ती मोठी कंपनी," सोनबा म्हणायचे. "एकदा आत शिरलं की चिकटून राहायचं."

"बाबा, चिकटून गोचीड राहते."

"मग? गोचिडीला काय दुःख आहे?"

टिपरी तोंडाला येईल ते बोलायची. पण रोज संध्याकाळी लंगडत डोहाकडे निघालेल्या बाबांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहायची. तिने अर्ज केला तो त्या पाठीसाठी. हे मात्र मोठ्यांनी लिहून घ्यावं. पोरं तुमचं कधी ऐकतात, तेव्हा ते तुमच्या उपदेशामुळे नसतं.

मुलाखत सायाळबाईंनी घेतली. त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. जंगलात औषधालाही मनुष्य नव्हता, तरी विभागाचं नाव मनुष्यबळ होतं. बाई फार गोड बोलायच्या. बोलताना अंगावरचे काटे चापूनचोपून बसवायच्या.

"तुझा सगळ्यात मोठा दोष कोणता?" त्यांनी विचारलं.

"मी फार मोठ्याने ओरडते."

"काही हरकत नाही," बाई हसून म्हणाल्या. "तो आपण काढून टाकू."

टिपरीला सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलं.

पहिल्याच दिवशी गवेसाहेबांनी तिला बोलावलं. हे तिच्या विभागाचे साहेब. अंगाने प्रचंड, रंगाने काळेभोर, आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे स्वच्छ.

"टिपरी, उत्तरेकडच्या झाडांवर बिबट्याच्या नखांचे ओरखडे आहेत. उद्या सकाळी आपण ते सगळे मोजून काढू."

टिपरीला भरून आलं. एवढा मोठा साहेब, आणि माझ्याबरोबर ओरखडे मोजायला येणार! दुसऱ्या दिवशी ती उजाडताच जाऊन उभी राहिली. ऊन वर आलं. साहेब नाहीत. दुपारी साहेब रवंथ करत आले.

"झाले मोजून?"

"नाही साहेब. तुमचीच वाट बघत होते. आपण मोजणार होतो ना?"

 विभागभर माशा वारणाऱ्या शेपट्या होत्या तिथे थांबल्या. गवेसाहेबांनी टिपरीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि निघून गेले.

वानरकाकांनी तिला कोपऱ्यात ओढलं. काका कंपनीत चौदा वर्षं होते आणि चौदा वर्षांत एकदाही झाडावर चढले नव्हते. वरिष्ठ वानर चढत नाहीत.

"अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? साहेब आपण म्हणाले, म्हणजे तू!"

"मी कशी? आपण म्हणजे तुम्ही आणि मी."

"ते बाहेर. जंगलात. इथे आपण म्हणजे जो समोर उभा आहे आणि पगाराने सगळ्यात लहान आहे तो."

"मग साहेबांना स्वतःबद्दल बोलायचं असलं तर?"

"तेव्हा ते 'आम्ही' म्हणतात. पण 'आम्ही' क्वचितच म्हणतात. काही चांगलं घडलं तरच."

"आणि 'तू' कधी म्हणतात?"

वानरकाकांनी इकडेतिकडे बघितलं. "देव करो आणि तुला ते ऐकायची वेळ न येवो," ते म्हणाले आणि आपल्या वाटणीच्या मिठातला अर्धा खडा त्यांनी तिला दिला.

काका वाईट नव्हते. कंपनीत कुणीच वाईट नव्हतं, हेच तर लक्षात यायला वेळ लागतो.

टिपरीने ओरखडे मोजले. मग आपण पायवाटा झाडल्या. आपण पाचोळ्याचे ढीग आकाराप्रमाणे लावले. आपण हत्तीसाहेबांच्या वाढदिवसाला नाचलोसुद्धा. सगळं आपण केलं आणि पाय टिपरीचे दुखले.

पण खोटं कशाला सांगू? मीठ चांगलं होतं. बगळे वेळेवर यायचे. टिपरीच्या अंगावर तकाकी आली. बाहेरच्या भेकरी तिला "कंपनीतली" म्हणून वाट द्यायला लागल्या आणि तिला ते आवडलं. पाच महिने संपले, तेव्हा रोज संध्याकाळी घरी जाताना ती दिवस मोजायला लागली होती. अजून तीस दिवस, की बाबा आत. अजून वीस दिवस. अजून बारा.

एकच गोष्ट तिला खटकायची. एवढ्या महिन्यांत कंपनीत बिबट्यासाठी वेळेवर ओरडलेलं तिने कुणालाच ऐकलं नव्हतं.

त्याची एक पद्धत होती. बिबट्या दिसला की आधी नोंद करायची. मग पडताळणी. मग बैठक. बैठकीत ओरडण्याचा मसुदा तयार व्हायचा. मसुदा हत्तीसाहेबांकडे जायचा, तो दुरुस्त होऊन परत यायचा आणि मग कायम नोकरीतल्या एखाद्याने ओरडायचं. उमेदवाराने ओरडायचं नाही. विनापरवाना ओरडलं, तर उमेदवारी रद्द.

बिबट्याची काही कंपनी नव्हती, त्यामुळे तो वेळेवर यायचा. तो येऊन, खाऊन, तोंड पुसून निघून गेला, की मग गजकर्ण ओरडायची. म्हणून तर कंपनीचा अंदाज कधी चुकला नाही. आणि तक्रारही कधी आली नाही. ज्यांनी करायची, ते उरलेच नव्हते.

नोकरी कायम व्हायला दोन दिवस राहिले होते. टिपरी फाटकाजवळच्या उंचवट्यावर पहाऱ्याला होती. ऊन तिरपं झालं होतं. ओढ्याकाठच्या गवतात काहीतरी हललं. गवत पुढे पुढे सरकत गेलं आणि मधेच पिवळ्यावर काळे ठिपके दिसले.

बिबट्या डोहाकडे निघाला होता.

टिपरीच्या घशात आवाज आला. तिने तो गिळला. तिने नियम पाळला. ती धावत गवेसाहेबांकडे गेली.

"साहेब, बिबट्या! ओढ्याकाठाने डोहाकडे चाललाय!"

"शाबास. बस. आपण बैठक घेऊ."

सायाळबाई आल्या, वानरकाका आले, अजून आठदहा जण आले. सगळ्यांना पाणी दिलं गेलं.

"बिबट्याच कशावरून?" सायाळबाईंनी विचारलं.

"ठिपके होते बाई."

"ठिपके चितळालाही असतात."

"चितळ दबकत चालत नाही!"

"हे तुझं मत झालं. आकडा सांग. ठिपके किती होते?"

"मोजले नाहीत."

"बघा," बाई गवेसाहेबांना म्हणाल्या. "इथेच आपण कमी पडतो."

"बाई, माझे बाबा रोज याच वेळी डोहावर जातात. त्यांना पळता येत नाही."

बैठकीत सगळ्यांनी हळहळून च्च् केलं. गवेसाहेबांनी घसा साफ केला. काही झालं तरी ते निर्णय घेणारे साहेब होते.

"माझं मत स्पष्ट आहे," ते म्हणाले. "आपण ओरडायला हवं."

"आपण आत्ताच्या आत्ता ओरडायला हवं," सायाळबाई म्हणाल्या.

"आणि आपण चांगलं मोठ्याने ओरडायला हवं," वानरकाका म्हणाले.

सगळ्यांच्या माना हलल्या. एवढं एकमत कंपनीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग सगळे थांबले.

मुलांनो, आता घोटाळा बघा. आपण म्हणजे सगळ्यात लहान. सगळ्यात लहान टिपरी. पण उमेदवाराने ओरडायचं नाही, असा नियम. म्हणजे आपण टिपरी नाही. साहेब तर नाहीतच, ते 'आम्ही'. मग आपण कोण? तो शब्द बैठकभर फिरला, एकेकाच्या तोंडापाशी गेला आणि कुणाच्याही तोंडात न शिरता परत मधे येऊन बसला. सगळे एकमेकांकडे कौतुकाने बघत राहिले. ऊन बोटभर खाली गेलं.

"साहेब," टिपरी म्हणाली, "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड कुणाचं? आवाज कुणाच्या घशातून येणार?"

गवेसाहेबांची रवंथ थांबली. हा प्रश्न कंपनीत कुणी विचारला नव्हता.

वानरकाका तिच्या कानाशी वाकले. "गप्प बस गं. दोन दिवस राहिलेत. परवा तुझे बाबा आत असतील."

"काका, आज ते डोहावर आहेत."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग समोरच्या उंच ऐनाच्या झाडाकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी खोटं सांगत नाही. छाती फुगवली. पण चौदा वर्षं त्या छातीतून एकच आवाज निघालेला होता आणि आताही तोच निघाला.

"हं," काका म्हणाले.

टिपरी बैठकीतून उठली, उंचवट्यावर गेली आणि भुंकली.

भॉक्!

सहा महिने दाबून ठेवलेला आवाज होता तो. मिठाचा खडक दणाणला. बगळे उडाले. सायाळबाईंचे काटे त्यांना न विचारता उभे राहिले. टिपरी पुन्हा भुंकली, पुन्हा भुंकली, घसा फाटेपर्यंत भुंकत राहिली.

डोहावर सोनबांनी पाण्यातून तोंड वर काढलं. मागे वळूनही न बघता ते करवंदीच्या जाळीत घुसले. सगळं अंग ओरबाडलं. त्यांचे खूर जिथे टेकले होते, त्या ओल्या मातीवर बिबट्याचा पंजा पडला. तो थोडा वेळ जाळीकडे बघत बसला. मग कंटाळून गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : "आम्ही वेळेत ओरडलो." हत्तीसाहेबांच्या गळ्यात हार पडला. हाराखाली गवेसाहेब उभे होते.

टिपरीला सायाळबाईंनी बोलावलं.

"तू ओरडलीस?"

टिपरीला कळलं. वानरकाका म्हणाले होते, ती 'तू'ची वेळ आली.

"फाटकावर तर लिहिलंय की कंपनी ओरडली."

"कंपनी ओरडली, याचा आम्हाला अभिमान आहे. तू ओरडलीस, याची चौकशी आहे."

"बाई, ओरडणं एकच होतं!"

"आवाज एकच होता," बाई समजुतीने म्हणाल्या. "पद्धत वेगळी होती. हे बघ, तू गुणी मुलगी आहेस. आम्हाला तुला गमवायचं नाही." त्यांनी पळसाचं एक पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं : त्या संध्याकाळी मी ओरडले नाही आणि यापुढेही ओरडणार नाही. "इथे खूर उमटव. उद्यापासून कायम. वडिलांना सकाळीच घेऊन ये."

टिपरी ते पान घेऊन घरी गेली. सोनबा करवंदीचे ओरखडे चाटत बसले होते.

"उमटव की खूर!" पान वाचून ते म्हणाले. "विचार कसला करतेस?"

"बाबा, मी ओरडले नसते तर तुम्ही आज नसतात."

"ते ठीक आहे गं. पण दोन दिवस थांबायचं होतंस."

"दोन दिवस? दोन दिवस थांबले असते तरी तुम्ही नसतात!"

"पण तुझी नोकरी कायम झाली असती ना!"

हसू नका. सोनबा हे अगदी मनापासून म्हणाले. लेकीची नोकरी कायम व्हायची असेल, तर त्यांची बिबट्याच्या पोटात जायला काही हरकत नव्हती. मोठ्यांचं प्रेम असंच असतं. ते अंगावर घेता येत नाही आणि झटकूनही टाकता येत नाही.

 टिपरीने ते पान चावून चावून खाल्लं.

हरणाने पान खाल्लं, यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. कंपनीला वाटलं. उमेदवारी रद्द झाली.

सोनबा तिच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सायाळबाई स्वतः त्यांच्या दारात आल्या. काटे अगदी चोपून बसवले होते.

"सोनबाकाका, एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीने वाचवलेला आणि अजून जिवंत असलेला प्राणी आम्हाला लोकांना दाखवायचा आहे. खूप शोधलं. तुम्ही एकटेच निघालात."

सोनबांना 'ज्येष्ठ सल्लागार' म्हणून घेतलं. थेट कायम. उमेदवारीही नाही. झऱ्याजवळची जागा, मीठ, बगळे, सगळं.

सोनबांनी टिपरीकडे बघितलं.

"जा बाबा," ती म्हणाली. तिला दुसरं काय हवं होतं?

"तू एकटी..."

"मला पळता येतं. जा तुम्ही."

सोनबा लंगडत फाटकातून आत गेले.

आता तिथे सगळं उत्तम चाललंय. टिपरी फाटकाबाहेर राहते. बिबट्या दिसला की कुणालाही न विचारता भुंकते. पूर्वी गप्प झालेल्यांपैकी दोनचार मोर आणि एक तरुण वानर हल्ली तिच्याबरोबर ओरडायला लागलेत. त्यांच्यात नोंद नाही, मसुदा नाही, मीठही नाही. एकाच्याही अंगावर तकाकी नाही आणि गोचिडी भरपूर आहेत.

कंपनीचंही काम फार सुधारलं. बाहेर टिपरी भुंकली, की गवेसाहेब आत सांगतात, "लिहा, आम्ही ओरडलो." पूर्वी ज्याला तीन दिवस लागायचे, ते आता क्षणात होतं. वर्गणी वाढवली, तरी लोक आनंदाने भरतात.

सोनबा रोज सकाळी नव्या उमेदवारांना गोल बसवून आपली कथा सांगतात. डोह, ओली माती, करवंदीची जाळी. ऐकणारे श्वास रोखून ऐकतात.

परवा कथा ऐन रंगात आलेली असताना कुंपणाबाहेरून आवाज आला. भॉक्! सोनबांचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. धावता न येणारा पायसुद्धा क्षणभर उचलला गेला. ते आवाजाच्या दिशेने बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे.

"काका, हा कुणाचा आवाज?" पहिल्या रांगेतल्या एका छोट्या भेकरीने विचारलं. "केवढा मोठा आहे!"

"आमच्या..." सोनबा म्हणाले.

मागे गवेसाहेब उभे होते. त्यांनी रवंथ थांबवली नव्हती, नुसते बघत होते.



"आमच्या कंपनीचा," सोनबा म्हणाले आणि पुढची कथा सांगू लागले.

तात्पर्य : मोठ्या कंपनीत आत राहण्याचे फायदे पुष्कळ आहेत. पाणी मिळतं, मीठ मिळतं, गोचिडी निघतात आणि शिवाय बाहेर कुणीतरी फुकट ओरडणारं असतं. ते कुणीतरी तुम्ही होऊ नका, असं तुमचे वडील तुम्हाला सांगतील. मुलांनो, वडिलांचं ऐकावं. फक्त हे सांगायला ते जिवंत कसे राहिले, एवढं त्यांना विचारू नये. मोठ्यांना वाईट वाटतं.